घर ते स्टेशन : मीटर, मिनिटे आणि जिने

बसथांब्यापर्यंत पाच मिनिटे आणि रेल्वे स्टेशनपर्यंत दहा मिनिटे चालायला शहरातला माणूस तयार असतो, असे वाहतूक नियोजनात जगभर गृहीत धरले जाते. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. त्या हिशेबाने पाच मिनिटांचे ४०० मीटर होतात आणि दहा मिनिटांचे ८००. लंडनचे नियोजनकार थोडे उदार आहेत. तिथे बससाठी ६४० मीटर आणि रेल्वेसाठी ९६० मीटर ही मर्यादा मानतात. भारत सरकारच्या २०१७ च्या धोरणात मेट्रो आणि रेल्वे स्टेशनांभोवतीचा ५०० ते ८०० मीटरचा पट्टा चालण्याच्या टप्प्यातला धरला आहे. यातला एकही आकडा निसर्गनियम नाही. गाडी वेळेवर, स्वस्त आणि वेगाने मिळत असेल तर माणसे याहून बरीच जास्त चालतात, आणि थांब्यावर अर्धा तास ताटकळावे लागणार असेल तर २०० मीटरही त्यांच्या जिवावर येतात.

या मापाने मुंबईचा शहर भाग, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा भाग, फार भाग्यवान ठरतो. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे मार्ग या चिंचोळ्या भूभागातून जवळजवळ समांतर जातात, पूर्वेला हार्बर मार्ग आहे, आणि प्रत्येक मार्गावर साधारण एक-दीड किलोमीटरला एक स्टेशन आहे. लोअर परळ आणि करी रोड ही दोन वेगळ्या मार्गांवरची स्टेशने एकमेकांपासून चालण्याच्या अंतरावर आहेत. परळ आणि प्रभादेवी तर शेजारी शेजारीच आहेत. स्टेशनाभोवती ८०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे दोन चौरस किलोमीटर भरते. २०११ च्या जनगणनेत शहर भागाची लोकसंख्या ३० लाख ८५ हजारांच्या आसपास होती आणि त्याचे क्षेत्रफळ ७० चौरस किलोमीटरपेक्षा थोडे कमीच आहे. सरासरी धरली तर अशा एका वर्तुळात नव्वद हजारांच्या घरात माणसे राहतात. जगातल्या फार थोड्या शहरांना एका स्टेशनाच्या चालत्या टप्प्यात इतकी वस्ती मिळते.

पण वर्तुळ कंपासने काढता येते, चालावे मात्र रस्त्याने लागते. चर्नी रोडचे उदाहरण घेण्यासारखे आहे. या स्टेशनाच्या पश्चिमेला जिमखाने आहेत, मरीन ड्राइव्ह आहे आणि त्यापुढे समुद्र. कागदावरच्या वर्तुळाचा बराचसा भाग पाण्यात जातो, आणि स्टेशनाचा सगळा भार पूर्वेकडून, गिरगावातून येतो. गिरगावातही सरळ रेषेत कोणी चालत नाही. महर्षी कर्वे रस्ता ओलांडून आत शिरले की वाड्या सुरू होतात: खोताची वाडी, झावबावाडी, कांदेवाडी, फणसवाडी. काही वाड्यांना दोन तोंडे आहेत, काहींना एकच. दोन तोंडांच्या वाडीतून आरपार जाणाऱ्याची वाट निम्म्याने कमी होते, आणि एकाच तोंडाच्या वाडीतल्या शेवटच्या चाळीतल्या माणसाला स्टेशन पाठीमागे असूनही आधी उलट दिशेला चालत बाहेर पडावे लागते. प्रत्यक्ष चालण्याचे अंतर सरळ रेषेतल्या अंतराच्या सव्वा ते दीडपट असणे शहरांत सामान्य आहे. जुन्या गिरगावात हे गुणोत्तर वाडीगणिक बदलते, आणि ते कमी ठेवण्याचे काम नगररचनेपेक्षा चाळींच्या उघड्या पटांगणांनी आणि बोळांनी केले आहे. चाळीच्या जागी कुंपण आणि पहारेकरी असलेला टॉवर आला की असा एखादा आडवाटेचा बोळ बंद होतो. स्टेशन तिथेच राहते, पण मागच्या दहा इमारतींसाठी ते दोन-तीन मिनिटांनी लांब जाते.

लालबागची अडचण वेगळी आहे. मध्य रेल्वे लालबागच्या पश्चिमेला आणि हार्बर मार्ग पूर्वेला. करी रोड, चिंचपोकळी आणि पलीकडचे कॉटन ग्रीन यांच्या मधल्या पट्ट्यात लालबाग-काळाचौकीची वस्ती आहे. या पट्ट्याच्या मधोमध डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग जातो आणि त्यावर २०११ पासून उड्डाणपूल आहे. मोटारी वरून निघून जातात, पण खालचा रस्ता ओलांडणाऱ्याला सिग्नलची वाट पाहावीच लागते. सात मिनिटांच्या चालीत दीड मिनिट एका रस्त्याच्या कडेला उभे राहण्यात जाणे ही इथली रोजची गोष्ट आहे. गणेशोत्सवाच्या दिवसांत तर करी रोड आणि चिंचपोकळी ही छोटी स्टेशने आणि तिथून लालबागकडे जाणाऱ्या वाटा एखाद्या मोठ्या टर्मिनसइतकी गर्दी पेलतात, आणि तेव्हा ८० मीटरचा हिशेब कोणी मांडत नाही.

या भागाची रचना मुळात रेल्वेपर्यंत चालण्यासाठी झालीच नव्हती. ती गिरणीपर्यंत चालण्यासाठी झाली होती. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी उभारण्याचे काम हाती घेतले आणि पुढच्या अर्धशतकात भायखळ्यापासून दादरपर्यंतचा भाग गिरण्यांनी भरून गेला. गिरणीच्या भोंग्यावर पाळी सुरू होई. उशीर झाला तर फाटक बंद, आणि रोजंदारीवरच्या बदली कामगाराला तर फाटकाशी वेळेत हजर असल्याखेरीज कामच मिळत नसे. म्हणून कामगार गिरणीच्या जवळच राहिला, मग खोलीत दहा-बारा जण का असेनात. १९२० च्या दशकातल्या एका अंदाजानुसार दहातले नऊ गिरणी कामगार कामापासून पंधरा मिनिटांच्या चालीच्या आत राहत होते. त्याच दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे बांधलेल्या बीडीडी चाळीही याच हिशेबाने गिरण्यांच्या आसपास आल्या.

ट्रामचा या कामगाराला सुरुवातीला फारसा उपयोग नव्हता. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर. कुलाबा ते पायधुणीचे सुरुवातीचे भाडे तीन आणे होते, पुढे ते दोन आण्यांवर आले, तरी मजुरी करणाऱ्याच्या रोजच्या खर्चात ते बसणारे नव्हते. १९०७ मध्ये ट्राम विजेवर धावू लागली आणि हळूहळू दादरपर्यंत पोचली. खोदादाद सर्कलच्या परिसराला लोक अजून दादर टीटी म्हणतात, ते तिथल्या ट्राम टर्मिनसमुळे. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. गिरगाव, लालबाग, परळ, दादर इथल्या मोठ्या रस्त्यांवरून ट्राम आणि बस अशी दुहेरी सोय पुढची काही दशके होती, आणि त्या काळात घरापासून वाहनापर्यंतची चाल आजच्याहून कमी असणार, कारण ट्राम रस्त्याच्या मधोमध यायची आणि तिच्यासाठी जिना चढावा लागत नसे. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी संप सुरू केला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींवर नवे बांधकाम करण्याची वाट मोकळी केली आणि फिनिक्स, कमला अशा गिरण्यांच्या आवारांत मॉल, कचेऱ्या आणि हॉटेले आली. या बदलाने चालण्याची दिशाच उलटी झाली. पूर्वी सकाळी कामगार घरातून निघून गिरणीत शिरत होता आणि स्टेशनाशी त्याचा संबंध गावी जाण्यापुरता होता. आता विरार, कल्याण, डोंबिवलीहून आलेला कर्मचारी लोअर परळ, करी रोड किंवा प्रभादेवीला उतरतो आणि तिथून कचेरीपर्यंत चालतो. त्यातल्या कित्येकांचे आजोबा याच भागात राहत होते, हा योगायोग नाही. शहर भागाची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत सुमारे अडीच लाखांनी घटली आणि उपनगरांची वाढली. गिरणगावातून बाहेर गेलेले कुटुंब कामासाठी परत गिरणगावातच येते, फक्त पंधरा मिनिटांच्या चालीच्या जागी दीड तासाचा लोकलचा प्रवास आणि त्याच्या शेवटी तीच पंधरा मिनिटांची चाल असते.

या उलट्या गर्दीसाठी स्टेशने बांधलेली नव्हती. परळ आणि एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजचे प्रभादेवी, यांना जोडणारा अरुंद पादचारी पूल आणि त्याचा जिना गिरणगावाच्या काळातला, तर त्यावरून जाणारे लोक नव्या कचेऱ्यांचे. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी अचानक आलेल्या जोरदार पावसात लोक जिन्यावरच आडोशाला थांबले, मागून लोकलची गर्दी येत राहिली आणि चेंगराचेंगरीत २३ जण मृत्युमुखी पडले. पाऊस हे निमित्त होते. गर्दीचा हिशेब चुकला होता तो वर्षानुवर्षे. त्यानंतर लष्कराच्या मदतीने इथे नवा पादचारी पूल बांधण्यात आला आणि तो २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. करी रोडलाही लष्करानेच पूल बांधला.

मुंबईत स्टेशनपर्यंतच्या चालीत पूल हा सर्वांत महत्त्वाचा घटक आहे, आणि मीटरच्या मापात तो दिसत नाही. रेल्वेमार्ग हा शहराला उभा चिरणारा अडथळा आहे. पलीकडे जायचे तर टिळक पूल, करी रोडचा पूल, चिंचपोकळीचा पूल, लोअर परळचा डिलाइल पूल अशा मोजक्याच जागा आहेत. डिलाइल पूल धोकादायक ठरल्याने जुलै २०१८ मध्ये बंद झाला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पूर्ण खुला झाला. या पाच वर्षांत ना. म. जोशी मार्गावरचा माणूस आणि सेनापती बापट मार्गावरची कचेरी यांच्यातले अंतर एका मीटरनेही बदलले नाही, फक्त वाट बदलली. सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी प्रभादेवीचा जुना एल्फिन्स्टन पूलही पाडकामासाठी बंद करण्यात आला आणि परळ-प्रभादेवीच्या पादचाऱ्यांची भिस्त पुन्हा रेल्वेच्या पादचारी पुलांवर आली.

विजेच्या तारांवरून जाणाऱ्या पादचारी पुलाला जवळजवळ दोन मजल्यांची उंची लागते. वर चढा, चाला, खाली उतरा. तरुण माणसाला यात दोन-तीन मिनिटे जातात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला दुप्पट. हा त्रास टाळायला रूळ ओलांडणारे लोक दरवर्षी शेकड्यांनी मरतात. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना होणाऱ्या मृत्यूंची संख्या कित्येक वर्षे हजाराच्या आसपास किंवा त्याहून जास्त राहिली आहे. त्यातला प्रत्येक जण बेशिस्त होता असे म्हणणे सोपे आहे, पण चुकीच्या जागी बांधलेल्या पुलाने दहा मिनिटांचा वळसा पडत असेल तर काही माणसे तो घेणार नाहीत, हे कुठलाही अभियंता आधीच सांगू शकतो.

फलाटही चालीतच मोजायला हवा. बारा डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते, म्हणजे शेवटच्या डब्यातून उतरून पहिल्या डब्यासमोरच्या जिन्यापर्यंत जायला गर्दीत चार-पाच मिनिटे सहज लागतात. रोजच्या प्रवाशांना कुठल्या स्टेशनला कितव्या डब्यासमोर जिना येतो हे पाठ असते, आणि चढतानाच ते उतरण्याची जागा धरतात. दादरला हे गणित सर्वांत अवघड आहे, कारण तिथे पश्चिम आणि मध्य रेल्वेची अदलाबदल होते. दोन्ही रेल्वेंच्या फलाटांना एकसारखे क्रमांक असल्याने नवख्या प्रवाशाचा गोंधळ उडत असे. डिसेंबर २०२३ मध्ये सगळ्या फलाटांना १ ते १४ असे सलग क्रमांक दिले गेले. पूल तेच राहिले, पण चुकीच्या फलाटावर उतरून परत चढण्याची पायपीट वाचली. इतका स्वस्त उपाय सुचायला इतकी वर्षे का लागली, हा प्रश्न दादरकरांनी विचारायला हरकत नाही.

शहर भागात आणखी एक गोष्ट वेगळी आहे: इथे रिक्षा नाही. रिक्षांना माहीम आणि सायनच्या दक्षिणेला परवानगी नाही, त्यामुळे वांद्र्याला उतरलेला माणूस जी सोय गृहीत धरतो ती परळला मिळत नाही. टॅक्सी आहे, काही स्टेशनांबाहेर शेअर टॅक्सीची रांग आहे, आणि बेस्ट आहे. स्टेशनपासून दीड-दोन किलोमीटरवर राहणाऱ्याच्या दृष्टीने बेस्ट हाच खरा आधार. पण बेस्टचा ताफा एकेकाळी साडेचार हजारांहून मोठा होता, तो अलीकडच्या वर्षांत तीन हजारांच्याही खाली आला. थांबे बहुतेक तिथेच आहेत, म्हणजे थांब्यापर्यंतची चाल वाढलेली नाही. वाढला आहे तो थांब्यावरचा वेळ. वाहतूक अभ्यासात चालण्याचे किंवा वाट पाहण्याचे एक मिनिट प्रवाशाला गाडीतल्या सुमारे दोन मिनिटांइतके जड वाटते असे दिसते. मग दादर स्टेशनहून शिवाजी पार्ककडे जाणारा माणूस बसची वाट पाहण्यापेक्षा रानडे रोडने चालू लागतो. मे २०२५ मध्ये साध्या बसचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले, त्यानंतर जवळच्या अंतरासाठी चालण्याकडे कल आणखी वाढला असेल तर नवल नाही. ६ डिसेंबरला याच रस्त्यांवरून लाखो लोक चैत्यभूमीकडे पायी जातात, आणि त्या दिवसापुरता हा परिसर फक्त चालणाऱ्यांचा असतो.

मुंबई महानगर प्रदेशाच्या २००८ मधल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या संपूर्ण पायी होतात असे दिसले होते. लोकल आणि बसने जाणाऱ्यांची दोन्ही टोकांची चाल त्यात धरलेलीच नाही. इतके चालणाऱ्या शहरात पदपथाला किती जागा मिळते? इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार पदपथावर किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर शेजारून जाऊ शकतील इतकी. दादर पश्चिमेला स्टेशनातून बाहेर पडल्यावर फूलबाजार, कवी केशवसुत उड्डाणपुलाखालचे भाजीवाले आणि कपड्यांच्या दुकानांची गर्दी यांमधून वाट काढताना ही रुंदी सलग शंभर मीटर मिळणेही कठीण. नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्टेशनांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई केली. अडचण अशी की फेरीवाला तिथे बसतो कारण चालणारी गर्दी तिथे असते, आणि त्या गर्दीतले बरेच लोक घरी जाताना भाजी त्याच्याकडूनच घेतात. चालण्याची वाट आणि बाजार ही इथे दोन वेगळी प्रकरणे नाहीत, आणि एकाला हाकलून दुसरे सुटत नाही.

पावसाळ्यात हिंदमाताला पाणी साचले की दादर पूर्व आणि परळ यांमधली चाल मीटरमध्ये नव्हे, गुडघ्यात मोजली जाते. आणि परळला ज्यांना चालावे लागते त्यातले अनेक जण धडधाकट नसतात. केईएम, टाटा स्मारक आणि वाडिया ही रुग्णालये जवळजवळ आहेत, आणि राज्यभरातून आलेले रुग्ण आणि नातेवाईक परळ किंवा दादरला उतरून तिकडे जातात. मिनिटाला ८० मीटर हा त्यांचा वेग नाही. वृद्ध किंवा आजारी माणूस मिनिटाला ५० मीटरही कष्टाने चालतो, आणि मग कागदावरची दहा मिनिटे सोळा होतात, जिने वेगळेच. मापदंड धडधाकट माणसाचा असेल तर ज्यांना सार्वजनिक वाहनाची सर्वाधिक गरज आहे तेच त्याच्या टप्प्याबाहेर पडतात.

भुयारी मेट्रो ३ ने या नकाशात अलीकडे नवी वर्तुळे काढली आहेत. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा तिचा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचार्य अत्रे चौकापर्यंतचा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. पूर्ण मार्ग ३३.५ किलोमीटरचा आणि २७ स्थानकांचा आहे. सर्वांत मोठा फरक काळबादेवी आणि भुलेश्वर परिसराला पडला. तिथल्या माणसाला पूर्वी एकतर मरीन लाइन्स किंवा मशीद बंदर गाठावे लागे, दोन्हीकडे गर्दीतून पाऊण-एक किलोमीटर. आता काळबादेवीत आणि गिरगावात जगन्नाथ शंकरशेठ मार्गाखालीच स्थानके आहेत. या दोन स्थानकांसाठी जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि तिथल्या रहिवाशांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याची योजना आखली गेली, कारण गिरगाव सोडून जायला लोक तयार नव्हते.

मेट्रोने आडवी चाल कमी केली आणि उभी वाढवली. स्थानके बरीच खोल आहेत. रस्त्यावरच्या प्रवेशद्वारातून आत शिरून, तपासणी आणि तिकिटाचे फाटक ओलांडून, सरकत्या जिन्यांनी फलाटावर पोचायला तीन-चार मिनिटे लागतात. सरकते जिने आणि लिफ्ट असल्याने ही मिनिटे लोकलच्या पुलाइतकी कष्टाची नाहीत, पण वेळ जातोच. लोकलचे किमान भाडे पाच रुपये आणि मेट्रोचे दहा. त्यामुळे चर्नी रोड आणि गिरगाव मेट्रो या दोन्हींच्या टप्प्यात असलेला माणूस निवड करतो ती अंतरावरून नाही. बोरिवलीला जाणारा चर्नी रोडच गाठतो, विमानतळाकडे किंवा सीप्झकडे जाणारा मेट्रोत उतरतो. मेट्रो दादरलाही थांबते, पण ते स्थानक रेल्वेच्या फलाटांना लागून नाही, आणि लोकलमधून उतरून मेट्रो पकडणाऱ्याला पश्चिमेच्या बाजारातून पुन्हा चालावे लागते.

लालबाग, काळाचौकी आणि परळच्या पूर्व भागाला मेट्रो ३ चा उपयोग जवळजवळ नाही. हा मार्ग महालक्ष्मी, आचार्य अत्रे चौक, वरळी आणि सिद्धिविनायक असा पश्चिमेकडून जातो. मोनोरेलने या पट्ट्याला दुसरा पर्याय देऊ केला होता: चेंबूर-वडाळा टप्पा फेब्रुवारी २०१४ मध्ये आणि वडाळा ते संत गाडगे महाराज चौक टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. पण गाड्यांमधले अंतर इतके राहिले की जवळचे स्थानक असूनही लोकांनी ते आपले मानले नाही, आणि वारंवार बिघाड झाल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी सेवा थांबवण्यात आली. लालबागच्या माणसाची रोजची चाल त्यामुळे अजून करी रोड किंवा चिंचपोकळीकडेच आहे.